नांदांगचे हलके चाक

सोमवारी सकाळी इमास न्याहारी वाढायला आली, तेव्हा टेबलावर भाताच्या टोपाशेजारी सायकलचे चाक आडवे पडले होते आणि तिचा नवरा नांदांग त्याच्यावर कान टेकवून बसला होता.

"काय म्हणतंय?" तिने विचारले.

"श्श! ऐकू दे जरा. कुठून तरी जातेय."

"कोण?"

"हवा."

इमासने भाताचा टोप उचलून सुरक्षित जागी ठेवला. पंचवीस वर्षांचा संसार झालेल्या बाईला नवऱ्याचे चेहरे वाचता येतात, आणि हा चेहरा तिला ओळखीचा होता. भिडेखातर कुणाला तरी 'हो' म्हणून बसल्यावरच तो असा दिसे.

आमच्या पश्चिम जावातल्या चिहालिमुन गावात तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. समोरच्याला काय वाटेल, हा विचार आधी येतो आणि आपले काय होईल हा नंतर. पण बाकीचे लोक निदान 'बघू', 'उद्या सांगतो', 'इन्शाल्ला' अशी काही पळवाट ठेवतात. नांदांगला तेवढेही जमत नसे. तालुका कचेरीत कारकुनी करताना त्याने आयुष्यभर इतरांची कामे केली होती, ती सगळी याच एका दुबळेपणापायी.

या वेळचे 'हो' मात्र जरा मोठ्या माणसाला गेले होते. लेक वुलान आणि बांडुंगचा रेंदी यांचे आपापसांत जुळले होते, आणि रेंदीचे वडील पाक कोस्वारा ('पाक' म्हणजे आमच्याकडचे 'राव') पहिल्यांदाच घर बघायला आले होते. चहा झाला, हवापाण्याचे बोलून झाले, दोन्हीकडच्या आजारपणांची चौकशी झाली, आणि मग बैठकीत ती भयंकर शांतता पसरली. पाक कोस्वारांची नजर इकडेतिकडे फिरत ओसरीतल्या सायकलवर जाऊन थांबली. तिच्या हँडलवर इमासची स्वयंपाकघरातली फडकी वाळत होती.

"सायकल चालवता वाटतं?"

त्या सायकलवरून नांदांग फक्त बाजारातून टोफू आणत असे, तेही उताराच्या बाजूने. चढाला तो सायकलीबरोबर चालत यायचा. पण पाहुण्याने इतक्या आवडीने विचारले होते.

"हो, चालवतो की."

"डोंगरावर?"

"डोंगरावरच."

"अरे वा! मीसुद्धा. मग टायर ट्यूबलेस असणार. ते हलके, शर्यतीचे?"

"हो हो, हलकेच. ते आत जपून ठेवलेत. हे आपले रोजच्या वापराचे."

"मग झालं तर! येत्या महिनाअखेरच्या रविवारी दोघं मिळून वरच्या टेकडीवर जाऊ. टपरीवर आल्याचा गरमागरम बांद्रेक घेऊ आणि पोरांच्या तारखेचंही तिथंच बोलून टाकू. काय?"

"जाऊ या की," नांदांग म्हणाला. आत वुलानच्या हातून आनंदाने चमचा पडला. त्या आवाजासरशी आपण काय कबूल करून बसलो हे नांदांगच्या ध्यानात आले.

तर असे ते टायर घरात आले. दुकानदाराने सगळ्यांत हलकी जोडी पुढे केली आणि त्यांना साजेशी रिमही घ्यावी लागेल म्हणाला. नांदांग दोन्हींना 'हो' म्हणाला. टायर इतके पातळ होते की उजेडाकडे धरले तर पलीकडचा माणूस ओळखू यावा. यात ट्यूब नसते. टायरची कड रिमला घट्ट चिकटून बसायला हवी आणि बारीकसारीक छिद्रे आतल्या पांढऱ्या चिकट औषधाने आपली आपण बुजायला हवीत, असे दुकानदाराने समजावले होते. मागचे चाक शहाण्या मुलासारखे पहिल्याच दिवशी बसले. पुढच्याने मात्र रविवारभर नांदांगचा खांदा निखळेपर्यंत पंप मारून घेतला, आणि एकीकडून घेतलेली हवा दुसरीकडून सोडून दिली.

"हातपंपाचं काम नाही हे," इमास म्हणाली. "ओहिमकडे न्या. त्याच्याकडे मोटरसायकलींचा कॉम्प्रेसर आहे."

ओहिमचे पंक्चरचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. त्याने असले चाक जन्मात पाहिले नव्हते, पण हे कबूल करणे म्हणजे गिऱ्हाइकाला निराश करणे, म्हणून तो म्हणाला, "अहो कांग, अहो दादा, हे तर रोजचंच!" त्याने टायरच्या कडांना भांड्यांच्या साबणाचा फेस लावला, कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि ट्रकला भरतात तशी एकदम हवा सोडली.

*फाट्ट!*

कड रिमवर बसली. बसली ती अशा आवाजाने, की समोरच्या घरातून एक आजोबा हात वर करून बाहेर आले. गल्लीतली सगळी कुत्री एका दिशेने पळाली. आणि शेजारच्या ओसरीत टांगलेल्या पिंजऱ्यातला मुराई पक्षी, जो पहाटेपासून थांबायचे नाव घेत नसे, तो अर्ध्या तानेत गप्प झाला.

तो पक्षी पाक हाजी मक्सूम यांचा होता. गाणाऱ्या पक्ष्यांच्या चढाओढीत त्याने दोनदा ढाल जिंकली होती, आणि पुढची चढाओढ तोंडावर आली होती. पाक हाजी बाहेर आले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, मग नांदांगकडे पाहिले.

"पाक हाजी, माफ करा, माझ्यामुळे..."

"काही हरकत नाही, दांग," पाक हाजी अत्यंत मऊपणाने म्हणाले. "पाखरूच ते. गाईल. नाहीतर नाही गाणार. अल्लाची मर्जी."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर नांदांगला बरे वाटले असते. तो चाक घेऊन घरी आला, पण ते 'काही हरकत नाही' दिवसभर त्याच्या छातीवर बसून होते.

संध्याकाळी पाक हाजी स्वतः पिंजरा घेऊन दारात उभे राहिले. "दांग, मी विचार केला. पाखरू तुझ्या चाकाला भ्यालंय. तेव्हा चार दिवस ते चाकाजवळच राहिलं तर भीती मोडेल. तुझी अडचण नसेल तर..."

"अडचण कसली, पाक हाजी!" नांदांग म्हणाला, आणि पिंजरा ओसरीत, बरोबर चाकाच्या डोक्यावर टांगला गेला.

मंगळवारी सकाळी चाक अर्धे बसले होते. बाजूच्या पातळ रबरातून औषधाचे पांढरे थेंब जागोजाग बाहेर आले होते.

"घाम फुटलाय त्याला," इमास म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून. अगदी तुमच्यावर गेलंय."

व्हॉल्व्हपाशी कुठेतरी 'सूऽऽस' असा बारीक आवाजही येत होता. पक्षी मान वाकडी करून तो ऐकत होता, पण स्वतः चकार शब्द काढत नव्हता. ओहिमने मोटरसायकलच्या टायरचे आपले जाडसर औषध बाटलीभर ओतले, परत हवा भरली, आणि खरे सांगायचे तर चाक त्याच वेळी बरे झाले. आवाज थांबला, घाम थांबला. नांदांग कचेरीत गेला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या टेबलावरचे काम केले.

बुधवारी तो स्वयंपाकघरात भात खात होता, तोच ओसरीतून आवाज आला. *सूऽऽस.*

घास तसाच टाकून तो धावला. ओसरीत कुणी नव्हते. चाक होते, आणि पिंजऱ्यात गप्प बसलेला पक्षी होता. आवाज थांबला होता. नांदांगने टायरवर अंगठा दाबला. मऊ लागला. एकदा मनाने घेतले की अंगठ्याला काहीही मऊ लागते, पण हे त्याला त्या वेळी कोण सांगणार?

"परत गेली का हो हवा?" कुंपणावरून चेउ इयामने विचारले. ती शेजारीण गल्लीच्या कोपऱ्यावर तळणीचे पदार्थ विकत असे. तिनेही आत येऊन अंगठा दाबून पाहिला. "मऊच आहे की रे दांग. थांब, माझ्याकडे आहे उपाय."

ती टॅपिओकाच्या पिठाची खळ घेऊन आली. आमच्याकडे टॅपिओकाच्या पिठाने काय होत नाही? त्याचे वडे होतात, गोळे होतात, कपड्यांना खळ होते, वह्यांना कव्हरे चिकटतात. "माझ्या पाण्याच्या पिपाला भोक पडलं होतं ते यानंच बुजलं. घाल बिनधास्त."

नांदांगच्या घशापर्यंत 'नको' आले होते. पण चेउ इयामने खळ गरम गरम ढवळून आणली होती, वाफ निघत होती, आणि दुकानही तिने त्यासाठी बंद ठेवले होते. त्याने व्हॉल्व्ह उघडला. *सूऽऽस* करून चांगली भरलेली हवा निघून गेली. इमासच्या केकवर नक्षी काढायच्या पिशवीने खळ आत गेली. चाक परत ओहिमकडे गेले आणि भरून आले.

गुरुवारी सकाळी नांदांग अंघोळीला बसला, आणि *सूऽऽस*.

आता गल्लीत बातमी पसरली होती. येणारा-जाणारा ओसरीत वाकून अंगठा दाबायचा आणि तोंडाने च्च च्च करायचा. पाक हाजी पाखराची विचारपूस करायला आले. "अजून गप्पच?" त्यांनी विचारले. नांदांगने मान खाली घातली. "असू दे, असू दे. मी तुझ्यासाठीही काही आणलंय." त्यांनी दुआ फुंकलेल्या पाण्याची बाटली पुढे केली. "नातवाचा ताप यानं उतरला. चाकाचं काय घेऊन बसलास!"

ज्याच्या पक्ष्याचा गळा आपण बंद केला, त्याच्या हातचे पाणी कसे नाकारायचे? नांदांगने एखादा चमचा घालायचा बेत केला होता.

"सगळी ओत, दांग," पाक हाजी प्रेमाने म्हणाले. "हात आखडू नकोस."

*सूऽऽस.* बाटली आत. चाक ओहिमकडे.

शुक्रवारी गल्लीच्या वरच्या टोकाचे अबाह उजू काठी टेकत आले. त्यांच्या हातात नारळाच्या करवंटीत फणसाचा चीक होता. तो त्यांनी या वयात स्वतः झाडाला खाचा मारून गोळा केला होता. हे ऐकल्यावर नांदांगने व्हॉल्व्ह उघडला. डोक्यावरचा पक्षी आता दांडीच्या अगदी टोकाशी येऊन, एक डोळा चाकावर रोखून ऐकत असे.

"यात आता मीठ तेवढं घालायचं राहिलंय," इमास म्हणाली.

शनिवारी नांदांगने चाक सायकलला बसवले आणि सायकल उचलून पाहिली. मागचे चाक उचलले गेले. पुढचे जमिनीवरच राहिले. ढकलून पाहिले तर आतून 'डुबुक, डुबुक' असा आवाज आला. जुने, जाडेभरडे, ट्यूबवाले चाक याच्या निम्म्यानेही भरले नसते.

तो पायरीवर बसला. वुलान येऊन शेजारी बसली.

"अपा, एक विचारू? तुम्ही सांगून का टाकत नाही त्यांना? की तुम्ही नाही चढत डोंगर?"

"आता कसं सांगू, बाळा? खोटं बोलणाऱ्याच्या घरची मुलगी करायची का, असं वाटलं त्यांना तर?"

वुलानचा चेहरा उतरला, आणि नांदांगला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की चाकाला लाथ मारायला त्याने पाय उचलला. पण ते फुटेल या भीतीने त्याने पाय परत खाली ठेवला.

रविवारी पाक कोस्वारा आले. अंगात झगमगीत पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण आणि गाडीच्या टपावर नवीकोरी सायकल. पोशाखाला घडीची रेघ अजून तशीच होती. गल्ली आधीच जमली होती. चेउ इयाम भाज्यांच्या गरम भज्यांची परात घेऊन आली होती, ओहिम बरे कपडे घालून आला होता, पाक हाजी खुर्चीवर बसले होते, आणि अबाह उजू चाकाजवळ उभे राहून आपल्या चिकाकडे लक्ष ठेवून होते.

"हेच का ते हलकं चाक?" पाक कोस्वारांनी विचारले, आणि शिष्टाचार म्हणून त्यांनी सायकलचे पुढचे टोक एका हाताने उचलले. म्हणजे उचलायला गेले. मग दुसरा हात लावला. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या, कान लाल झाले, आतून 'डुबुक' झाले.

"पाखराचं पीस आहे, पीस!" ते दातांवर दात ठेवून म्हणाले आणि सायकल खाली ठेवली.

"बसा ना, आधी दोन भजी खा," इमास घाईघाईने म्हणाली.

सगळे बसले. भजी फिरली. दोन्ही सायकली ओसरीच्या कठड्याला शेजारी शेजारी टेकल्या होत्या. भज्यांचे सगळ्यांनी कौतुक केले, मग पुन्हा कौतुक केले, आणि मग ती ओळखीची शांतता पसरली. त्या शांततेत, अगदी स्पष्ट आणि लांबलचक:

*सूऽऽऽऽस.*

नांदांग ताडकन उठला. पण त्याच्याआधी पाक कोस्वारा उठले होते. हातातले भजे फेकून ते स्वतःच्या सायकलवर झेपावले आणि पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून त्याला कान लावून बसले.

"गेली! माझीच गेली!" ते म्हणाले. "वाटलंच होतं. आठवडाभर झोप नाही मला. बायको म्हणते पलंगाजवळून हलवा ते चाक..." इथे त्यांच्या लक्षात आले की सारी गल्ली आपल्याकडे बघते आहे. ते हळूच उभे राहिले आणि शिरस्त्राण काढून हातात घेतले.

"पाक नांदांग," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्यापासून काय लपवायचं? मी शाळा सोडल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. त्या दिवशी बोलायला विषय सुचेना म्हणून तुमच्या सायकलचं विचारलं. तुम्ही म्हणालात डोंगर चढतो. मग मी नाही चढत असं कसं म्हणणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं. हलक्या टायरांचंही पोरगा फोनवर कुणाशी तरी बोलत होता ते ऐकलं होतं, तेवढंच. मग तुम्ही म्हणालात तुमच्याकडे आहेत, म्हणून मला हे घ्यावे लागले. माफ करा."

नांदांगच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "मी तर टोफू आणतो," तो कसाबसा म्हणाला. "उतारानं. चढाला चालत येतो."

दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. आधी कोण हसले हे सांगता येत नाही, पण पाक कोस्वारांना हसता हसता कठड्याला धरावे लागले. आणि ते हसणे ऐन रंगात आले असताना पुन्हा आवाज आला: *सूऽऽऽऽस.*

नांदांगचा हात आपल्या टायरवर होता. टायर दगडासारखा घट्ट होता. पाक कोस्वारांनी आपला टायर दाबला. तोही घट्ट होता. मग सगळ्यांच्या माना एकदमच वर गेल्या. पिंजऱ्यात मुराई छाती फुगवून, शेपटी वर करून बसला होता. त्याने चोच उघडली, डोळे मिटले आणि मंगळवारची, बुधवारची, गुरुवारची आणि शुक्रवारची सगळी हवा एका तानेत सोडून दाखवली.

"गायला!" पाक हाजी खुर्चीवरून उडालेच. "गायला माझा बच्चा! आणि ऐकलंत का? नवी तान आहे! पूर्ण पश्चिम जावात कुणाच्या पाखराकडे नसेल!"

"म्हणजे चाक मंगळवारीच बरं झालं होतं," इमास सावकाश म्हणाली. "आणि पुढचं सगळं तुम्ही या पाखराच्या नादानं चाकाला पाजलंत."

चेउ इयाम जरा हिरमुसली. पण लगेच सावरून ती पाक कोस्वारांकडे वळली. "तरीपण पाहुणे, तुमचं चाक रोज थोडं थोडं बसतंच ना? थांबा, माझी खळ अजून गरम आहे." अबाह उजूंनी करवंटी आधीच पुढे केली होती. पाक हाजींनी खुर्चीखालून बाटली काढली.

पाक कोस्वारांनी नांदांगकडे पाहिले. नजरेत सरळ सरळ 'वाचवा' असे लिहिलेले होते. नांदांगने एकवार चेउ इयामच्या हातातल्या वाफाळत्या भांड्याकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

"असू द्या," पाक कोस्वारा एक उसासा सोडून म्हणाले. "एवढ्या प्रेमानं आणलंय, तर नाही कसं म्हणायचं?"

इमासने दाराआड उभ्या असलेल्या वुलानचा हात दाबला. "जा, तांदूळ धुवायला घे," ती कुजबुजली. "माणूस आपल्यातलाच आहे. तारीख ठरली समज."

दुपारी दोन्ही व्याही निघाले. टेकडीच्या चढावर एकही पाय पॅडलला लागला नाही. दोघे आपापल्या सायकली ढकलत, दम खात, 'डुबुक डुबुक' करत चालत वर गेले, आणि आपली सायकल जड आहे असे दोघांपैकी एकही बोलला नाही. टपरीवर बांद्रेक झाला, तारीख ठरली. टपरीवालीने विचारले, "अजून एकेक देऊ?" दोघांची पोटे तुडुंब भरली होती. दोघेही म्हणाले, "द्या की."

संध्याकाळी नांदांग घरी परतला तो तरंगतच. पोरीचे लग्न ठरले होते, खोटेपणाचे ओझे उतरले होते, आणि चाकाची हवा, डोंगर चढून उतरूनही, तसूभर कमी झाली नव्हती. त्याने सायकल कठड्याला टेकवली आणि टायर प्रेमाने थोपटला.

ओसरीत पाक हाजी बसले होते. मांडीवर पिंजरा होता.

"दांग, एक लहानशी विनंती होती. तुझी अडचण नसेल तर."

"बोला ना, पाक हाजी."

"पुढच्या रविवारी चढाओढ आहे. तान बच्चानं उचललीय छान, पण शेवटी जरा तुटते. सराव हवा." पाक हाजींनी पिंजरा परत चाकाच्या डोक्यावर टांगला. "तेव्हा रोज सकाळी, नमाजानंतर, तू त्या चाकाची थोडीशी हवा सोडलीस तर..."

आतून इमास कान देऊन ऐकत होती. नांदांगने आपल्या घट्ट, भरलेल्या, कधी नव्हे ती हवा धरून बसलेल्या चाकाकडे पाहिले. 'नाही' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला, तिथे थोडा वेळ थांबला, आणि आल्या वाटेने परत गेला.

"थोडीशी कशाला, पाक हाजी," तो म्हणाला. "सगळीच सोडतो की."